वरकुट्याचे सोलरवाले तात्या

घरात माणसं किती, असं विचारून तात्या उत्तरासाठी थांबायचे नाहीत. गच्चीवर पोचले की आधी दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायचे. मग खाली येऊन न्हाणीघरात डोकावायचे आणि दात घासायचे ब्रश मोजायचे. नंतर माझ्याकडे वळून म्हणायचे, "लिवा ताई, दोन." तोवर घरमालकाने "सहा" सांगितलेलं असायचं आणि मी कागदावर सहा लिहूनही टाकलेलं असायचं. ते खोडून मी दोन करायचे.

बारामतीत भिगवण रस्त्याला सोलरचं एक दुकान आहे. तिथे मी नोकरीला लागले त्याला आता बारा-तेरा वर्षं होतील. फोन घ्यायचा, गिऱ्हाइकाला बसवून पाणी द्यायचं, कागदपत्रं सांभाळायची, हे माझं काम. तात्या तिथले फिटर. राहायचे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला, म्हणून दुकानात सगळे त्यांना वरकुट्याचे तात्या म्हणायचे. पाहणीला जाताना ते मला टेम्पोत शेजारी बसवून न्यायचे, कारण कागद भरायला कुणीतरी लागायचं. चौथीनंतर त्यांचा शाळेशी संबंध तुटला होता आणि त्यांनी लिहिलेलं त्यांचं त्यांनाही वाचता येत नसे. "मी बोलतो, तुमी लिवा," अशी आमची वाटणी होती, आणि ती दहा वर्षं चालली.

माणसं मोजण्यामागे कारण होतं. पाणी तापवायची टाकी घरातल्या माणसांवर ठरते. लहान पडली तर शेवटच्याची आंघोळ गार पाण्याने. मोठी झाली तर न वापरलेलं पाणी दिवसेंदिवस तापत राहतं, आणि टाकीच्या डोक्यावर हवा जायला जो उभा पाइप असतो त्यातून वाफ होऊन निघून जातं. हे मला तात्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. लोक आकडा का वाढवून सांगतात, हे मात्र त्यांनी शिकवलं नाही. ते मला हळूहळू आपोआप कळत गेलं.

बारामतीलगत जळोचीत नवे बंगले होत होते तेव्हाची गोष्ट. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक साहेब होते. वर तीन खोल्या, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर. त्यांनी तीनशे लिटरची टाकी मागितली. तात्या गच्चीवर जाऊन आले. दोरीवर एक सदरा, एक लेंगा आणि एक साडी.

"शंभर लिटर बास हाय साहेब," तात्या म्हणाले.

"तीन मुलं आहेत माझी. सुना आहेत, नातवंडं आहेत."

"हायत की. पर येत्यात कवा?"

"दिवाळीला येतात."

"मंग दिवाळीला चार दिस बंब पेटवा. बाकीचं वर्सभर कुणासाठी पाणी तापवायचं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. तुम्ही विकायला आलात की अक्कल शिकवायला, असं ते म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी आल्या. हात पदराला पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "शंभरच बसवा हो." आणि परत आत गेल्या. परत येताना टेम्पोत तात्या म्हणाले, "तसं बोलाय नको व्हतं ताई. त्यांनी माणसं बरोबरच सांगितली व्हती. म्या कपडं मोजलं."

त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं नाही, पण उत्तर ऐकून मान डोलवायला लागले. गिऱ्हाईक सहा म्हणालं की "बरं, बरं" म्हणायचे आणि मला डोळ्याने खुणावायचे.

तात्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, हलायचा आणि कोकणच्या अंगाला जायचा, पावसाच्या तोंडाला परत यायचा. लहान तात्या घोड्यामागून चालायचे. दुपारी मेंढरं बसवायची तर सावली कुठून कुठे सरकणार हे आधी ओळखावं लागतं, नाहीतर तासाभरात सगळा कळप उठवायला लागतो. ही विद्या त्यांना गच्चीवर कामाला आली. मेंढरं विकली गेल्यावर ते वेल्डिंगच्या दुकानात राहिले आणि तिथून सोलरमध्ये आले. दुकानात एक नवा इंजिनिअर आला होता, तो फोनवर दिशा बघायचा. तात्या शेजारी उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "बघा बघा. पर सूर्य काय फोनमधनं उगवत न्हाय." मग ते गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन शेजारच्या नारळाकडे बघत आणि संक्रांतीच्या सुमारास सूर्य खाली उतरेल तेव्हा त्या झाडाची सावली कुठवर येईल ते पायाने फरशीवर रेघ ओढून दाखवत. इंजिनिअर पोरगा समजूतदार होता. पुढे पुढे तो फोन खिशात ठेवून त्या रेघेचंच माप घ्यायला लागला.

झाड तोडायला मात्र तात्यांनी कधी सांगितलं नाही. "झाडाला हालता येत न्हाय, टाकीला येतं," असं म्हणून ते सगळा सांगाडा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवायचे. त्यात त्यांचा दीड दिवस जास्त जायचा.

गिऱ्हाईक फोनवर नुसतं "सोलर पायजे" म्हणायचं. तात्यांचा पहिला सवाल ठरलेला: "वीज पायजे का ऊन पाणी?" आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात. तात्यांना तो शब्द फार आवडायचा. उन्हातनं येतं म्हणून ऊन पाणी, असं ते नव्या सुनांना समजावून सांगायचे, जणू शब्द त्यांनीच काढला. "दोन्ही सोलरच. पर एक गाय हाय अन् एक म्हैस. ऊन पाण्याला खाटल्यायेवढी जागा पुरती. विजेला गच्ची पायजे, कागदं पायजेत, अन् मीटर बदलून द्यायला मानूस येईस्तवर दम पायजे." बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचं पॅनेल घेऊ द्यायचे नाहीत. आमच्या भागातलं पाणी क्षाराचं. तांब्याच्या नळ्या आतून पांढऱ्या थराने चोंदतात आणि दोन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. काचेच्या नळ्या काढून धुता तरी येतात. आणि जुना तांब्याचा बंब मोडीत घालू नका, हे प्रत्येक घरात बजावून सांगायचे. "ढगाला काय दया येत न्हाय. चार दिस आभाळ आलं की बंबाचीच आठवन येती."

त्यांच्या स्वतःच्या घरी काय होतं, हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. बायको मी नोकरीला लागायच्या आधीच वारलेली. मुलगा एकच, पुण्यात नोकरीला. एकदा विचारलं, "तात्या, तुमच्या घरी केवढी टाकी आहे?"

"आमच्यात न्हाय."

"का हो?"

"एकल्याला कशाला? थंडीत बी गार पाण्यानं अंग धुतलं की भागतं."

दुसऱ्यांच्या घरी पाच-पाचदा जिना चढणारा माणूस घरी थंड पाणी अंगावर घेतो, हे मला विचित्र वाटलं. पण मी त्यांना हसले नाही, कारण तेव्हा माझ्याही घरी माझ्यापुरताच चहा होत होता.

माझी आई तेव्हा नुकतीच गेली होती. ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी घरी सोलर बसवायचं ठरवलं. जळोचीतच आमच्या दोन खोल्या आहेत, वर छोटी गच्ची. तात्या पाहणीला आले. कागद माझ्याच हातात होता. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "घरात मानसं किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन."

तात्यांना सगळं माहीत होतं. आईच्या दहाव्याला ते वरकुट्याहून आले होते. ते जिना चढून वर गेले, मी मागोमाग गेले. दोरीवर माझा पंजाबी ड्रेस होता आणि शेजारी आईचं हिरवं लुगडं होतं. कपाटात कुबट वास येऊ नये म्हणून मी ते दर पंधरा दिवसांनी धुऊन वाळत घालायचे. तात्या त्या लुगड्याकडे बघत उभे राहिले. वाऱ्याने त्याचा पदर दोरीवरून घसरला होता, तो त्यांनी सरळ केला.

"लिवा," ते म्हणाले, "दोन."

माझ्या ओळखीत तात्यांनी चुकीचा आकडा लिहायला लावला तो तेवढाच.

कऱ्हाटीच्या आबांचं प्रकरण त्याच्या पुढच्या थंडीतलं. आबा म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. बायको नाही, मुलगा नाशिकला. मळ्यात घर, चारी बाजूंनी ऊस. त्यांच्याकडे आम्ही शंभर लिटरची टाकी बसवली होती, कारण त्याहून लहान मिळत नव्हती. तात्यांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, "आबा, धुनं, भांडी, आंघूळ, समदं ह्याच पान्यानं करा. टाकी रोज रिकामी झाली पायजे." आबा शिस्तीचे. रोज सकाळी दोन बादल्या अंगावर घ्यायचे आणि उरलेल्या पाण्याने ओटासुद्धा धुवायचे.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आम्ही पलीकडच्या वस्तीवरून पाहणी करून परत येत होतो. दुपार कलली होती, हवेत गारठा होता. तात्यांनी एकदम ब्रेक लावला.

"ताई, आबांच्या पायपाकडं बघा."

उसाच्या तुऱ्यांवरून आबांची गच्ची दिसत होती. टाकीवरच्या उभ्या पाइपातून बारीक पांढरी वाफ निघत होती. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाफ मी उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी पाहिली होती.

"उन्हाळ्यात वाफ आली तर सोडून द्या," तात्या टेम्पो वळवत म्हणाले. "थंडीत ऊन पाणी वापरल्याबिगर कोन ऱ्हातंय? दोन-तीन दिस झालं, आबांनी नळ सोडल्याला न्हाय."

"मुलाकडे गेले असतील."

"गेलं आसतील तर बरंच हाय."

दार आतून बंद होतं. आम्ही हाका मारल्या. शेजारी म्हणावं असं घर तीन शेतं सोडून. तात्या मागच्या बाजूला गेले आणि टाकी चढवताना वापरलेली लोखंडी शिडी गोठ्यात पडून होती ती त्यांनी लावली. साठीचा माणूस, पण चढताना शिडी हललीसुद्धा नाही. गच्चीवरचं जिन्याचं दार नुसतं ओढलेलं होतं. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "ताई, हायत! हायत! गाडी बोलवा!"

आबा स्वयंपाकघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. तिसरा दिवस होता. हाताला लागलेली कळशी ओढून घेऊन तेवढ्या पाण्यावर ते राहिले होते. अँब्युलन्स येईपर्यंत तात्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी टाकीतलं ऊन पाणी आणून त्यांचे पाय शेकले. आबांना धड बोलता येत नव्हतं. त्यांनी तात्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती आणि अँब्युलन्समध्ये घालतानाही ती सोडत नव्हते. मग तात्याच आत बसून गेले.

आबा वाचले. त्यांचा मुलगा नाशिकहून आला, दुकानात पेढे देऊन गेला. जाताना सांगून गेला की घरात आता कॅमेरा बसवलाय, फोनवर सगळं दिसतं. तो गेल्यावर तात्या पेढा हातात धरून म्हणाले, "क्यामेऱ्यात दिसतं खरं. पर बघाय कुनीतरी बसावं लागतं." मग पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. आबांना न्यायचा म्हणाले.

त्या दिवसापासून तात्यांनी एक नवीनच काम अंगावर घेतलं. ज्या ज्या घरात माणूस एकटं आहे अशी घरं त्यांनी मला सांगितली आणि मी एका वहीत लिहून काढली. अकरा निघाली. कामाला जाता-येता ते वाट वाकडी करून त्या घरांवरून टेम्पो न्यायचे, वर बघायचे आणि पुढे जायचे. पण थंडी संपली की वाफेचा भरवसा नाही, म्हणून मला सांगितलं, "ताई, तुमी दर सोमवारी फोन करत जावा. इचारा, पाणी ऊन येतंय का."

मी करायला लागले. पहिल्या महिन्यात लोक गोंधळले. सर्व्हिसिंगला पैसे पडतील का, असंही एकाने विचारलं. नंतर त्यांना कळलं. मग सोमवारी मला फोन लावायला उशीर झाला की ते तिकडून लावायचे. इंदापूरच्या वाटेवर गंगूकाकी म्हणून होत्या, त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "पाणी ऊन हाय बाई. बाकी समदं गार हाय." आणि स्वतःच हसायच्या. मग मला दहा मिनिटं त्यांच्या शेळीचं ऐकावं लागायचं. ऐकावं लागायचं असं लिहिते आहे, पण खरं म्हणजे मीच विचारायचे.

दुकानाच्या मालकांना हे माहीत होतं. त्यांनी कधी फोनच्या वेळेबद्दल हूं की चूं केलं नाही. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता.

अशी पाच-सहा वर्षं गेली. तात्यांच्या डोळ्यांचं काय चाललंय हे मला कळायला हवं होतं. ते काचेच्या नळ्या हाताने चाचपून बघायला लागले होते. नटबोल्ट खाली पडला तर स्वतः न उचलता "ताई, तेवढा द्या" म्हणायचे. मला वाटलं, कंबर धरली असेल.

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या थंडीत आम्ही इंदापूरकडे निघालो होतो. गंगूकाकींचं घर डाव्या हाताला येतं. मी सवयीने वर बघितलं. पाइपातून वाफ येत होती, चांगली जाड. मी तात्यांच्या पायाकडे बघितलं, आता ब्रेक लावतील म्हणून. त्यांनी मानही वळवली होती त्या बाजूला, बघितलं होतं. आणि टेम्पो तसाच पुढे गेला.

"तात्या, वाफ!"

"कुठं?"

"मागं. काकींच्या घरावर."

त्यांनी टेम्पो कडेला घेतला. आम्ही दोघं पळतच मागे आलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, काकी भाचीच्या लग्नाला गेल्यात फलटणला, परवा येतील, शेळी आमच्याकडे बांधलीय. माझा जीव भांड्यात पडला. मी हसून तात्यांकडे बघितलं, तर ते अंगणात उभे राहून वर बघत होते. डोळ्यांवर हात धरून, मान इकडे तिकडे करून, बराच वेळ. मग काकींच्या पायरीवर बसले.

"ताई, खरं सांगा. लई हाय का वाफ?"

"आहे तात्या."

"रस्त्यावरनं दिसंल येवढी?"

मला खोटं बोलायचं होतं. तोंडात शब्दही आला होता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला दिसलं की ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, आवाज आला तिकडे बघताहेत.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून टेम्पोची चावी काढून माझ्या हातात दिली.

"तात्या, मला कुठं गाडी चालवता येते?"

"मला बी आता येत न्हाय," तात्या म्हणाले.

मी दुकानात फोन केला. ड्रायव्हर येईपर्यंत तास-दीड तास आम्ही त्या पायरीवर बसून होतो. शेजारच्या बाईने चहा आणून दिला. तात्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी सांगितलं की वर्षभर झालं, मधोमध बघितलं की काळं दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं. टेम्पो ते ओळखीच्या रस्त्यावर सवयीने चालवत होते. मला राग आला. रस्त्यात कुणी आलं असतं तर? मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय, चूक झाली," म्हणाले. "पर गाडी सोडली की घर. अन् घरात काय हाय ताई?"

डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. किती वर्षं उन्हात काचांकडे बघत होता, असंही विचारलं. त्यानेच झालं का, हे मात्र डॉक्टरांना सांगता येईना.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायला गाडी घेऊन आला तेव्हा जाताना ते दुकानासमोर थांबले. मुलगा गाडीतच होता, फोनवर काही कामाचं बोलत होता. तात्या चाचपत पायऱ्या चढले. धुतलेला पांढरा सदरा, नवी चप्पल. मालकांना नमस्कार केला. इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "अकरा घरं हायत. सोमवार चुकवू नगा." आणखी काही बोलतील असं वाटलं. बाहेर हॉर्न वाजला. तेव्हा ते म्हणाले, "येतो मी," आणि दार समजून काचेला हात लावला. मी त्यांना दारापर्यंत नेलं.

पंधरा दिवसांनी दुपारी दोन वाजता त्यांचा फोन आला. ती वेळ दुकानात शांत असते. नातवाने त्यांना फोनचं एक बटण असं करून दिलं होतं, की ते दाबून धरलं की मला लागायचा. तेव्हापासून रोज दोनला फोन यायचा.

"कसं आहे तात्या तिकडं?"

"चांगलं हाय. नववा मजला. पर तोंड उत्तरंला हाय घराचं. ऊन येत न्हाय आत."

"गच्चीवर जात जा की."

"कुलूप हाय गच्चीला. चावी मागिटली तर म्हनलं, आजोबा पडाल." आणि पुढे, "सकाळी सा ते नऊ ऊन पाणी येतं नळाला. कुठनं येतं रं, म्हनून नातवाला इचारलं. म्हनला, नळातनं."

आम्ही दोघं हसलो. मुलगा, सून वाईट नव्हते, हे ते दरवेळी सांगायचे. "कामाची मानसं हायत. सकाळी आठला जात्यात, रातच्याला येत्यात. पोरगं शाळंत." मग एकेका घराची चौकशी सुरू व्हायची. गंगूकाकींची शेळी व्याली का. जळोचीच्या साहेबांनी नळ्या धुऊन घेतल्या का. आणि कऱ्हाटीचे आबा कसे आहेत.

आबांना मुलाने नाशिकला नेलं होतं आणि त्या पावसाळ्यात ते तिथेच वारले होते. मी म्हणाले, "बरे आहेत." पुढे आणखी तीन घरं माझ्या वहीतून कमी झाली. एक बाई मुलीकडे गेल्या, दोघं गेले ते गेलेच. मी तात्यांना अकराच सांगत राहिले. ते "हां" म्हणायचे. कधीकधी "हां" म्हणायच्या आधी थोडा वेळ जायचा.

पुण्याला जाऊन त्यांना एकदा भेटायचं असं माझ्या मनात कितीदा तरी आलं. एसटीने तीन तासांचा तर रस्ता. पण रोज फोन होतोय, मग जाऊ सावकाश, असं करत वर्ष गेलं. हे मी स्वतःला माफ करू शकलेले नाही.

मागच्या फाल्गुनात तीन दिवस लागोपाठ दोनला फोन आला नाही. रेंज नसेल असं म्हणून मी ते दिवस काढले. चौथ्या दिवशी लावला. एका पुरुषाने उचलला.

"तात्या आहेत का?"

"बाबा मंगळवारी गेले. झोपेतच." आवाज थकलेला होता. "तुम्ही कोण?"

मी "अच्छा" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "अच्छा" म्हणतं का? मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट, ठेवू नका. मी बाबांचा फोन बघत होतो. रोज दुपारी दोनला हाच नंबर आहे. अर्धा तास, पाऊण तास. पोराने त्यांना बटण लावून दिलं होतं म्हणे, पण ते कुणाशी बोलतात ते आम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही बाबांच्या कोण?"

"मी बारामतीच्या दुकानात असते. पाहणीला त्यांच्याबरोबर जायचे."

"काय बोलायचे ते तुमच्याशी?"

"गच्च्यांचं," मी म्हणाले. ते इतकं वेड्यासारखं वाटलं की मी घाईने पुढे म्हणाले, "लोकांच्या घरांचं. इकडच्या माणसांचं."

तो म्हणाला, "आमच्याशी ते जेवताना बोलायचे. भाजी चांगली झालीय, एवढंच. मला वाटायचं, त्यांना बोलायला आवडत नाही."

मी विचारलं, "कऱ्हाटीच्या आबांचं तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?"

"कोण आबा?"

मी खुर्ची ओढून बसले. दुकानात एक जोडपं आलं होतं, त्यांना हाताने बसा म्हणून खुणावलं. आणि त्याला संक्रांतीनंतरच्या त्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली. उसावरून दिसणारी गच्ची, वाफ, शिडी, सगळं. आबांनी बाही सोडली नाही तिथवर आले तेव्हा फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, त्याला आता कामं असतील, घरात माणसं आली असतील. पाठीमागे कुणीतरी त्याला हाकही मारली. मी थांबले.

"मग?" तो म्हणाला. "मग बाबांनी काय केलं?"